कुंचीची लेस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बायांनो, कारण हे सांगता सांगता मी दरवेळी दमते आणि मग तुमच्याबरोबर हसायलाही त्राण उरत नाही.

आमची लेक सुवर्णा पहिल्या बाळंतपणाला माहेरी सोनपेठला आली. तिची सासू सेलूची. त्यांच्या हातात कायम ते टॅटिंगचं शटल, म्हणजे गाठींची लेस करायला दोरा गुंडाळायची होडीसारखी चिमुकली फिरकी. घरी टीव्हीला लेस, मिक्सरला लेस, रिमोटलासुद्धा लेस. डोहाळजेवणात त्या सहज म्हणाल्या, "बाळाच्या कुंचीला लेस मी करून पाठवते की, इहीनबाई."

आणि मी, जिला सुईत दोरा ओवायला शेजारीण बोलवावी लागते, ती काय बोलले? "तुमी कशाला? आजोळची कुंची हाय. लेस मी माज्या हातानं करते."

सगळ्या बायकांसमोर बोलले. आता माघार कशी घ्यायची?

शिकवायला सुवर्णाच. ती सासूकडून शिकली होती. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोरा घ्यायचा, शटल त्याच्या खालून-वरून काढायचं आणि गाठी घालत जायचं. ओळ झाली की दोरा ओढायचा, गाठी सरकतात आणि छोटासा गोल तयार होतो. सोपं वाटतंय ना? मलाही वाटलं.

माझा गोल मिटेचना.

"आई, आवळायलीस कशाला? डावा हात ढिला सोड. गाठ बोटांवरच्या दोऱ्यावर पडली पायजे, म्हंजे ती सरकती."

"सरकती? मग ती गाठ कसली?"

चाळीस वर्षं मी कापसाच्या पोत्यांची तोंडं शिवलीत, गोधड्या शिवल्यात. गाठ म्हणजे आवळायची, हे हातात मुरलेलं. डोक्याला कळत होतं, हाताला कळत नव्हतं.

पण दोष काही मी स्वतःकडे येऊ दिला नाही. दोरा खराब म्हणून परभणीहून दुसरा मागवला. शटल अडकतं म्हणून त्याला खोबरेल चोळलं. त्यानं दोरा तेलकट झाला. तो धुवायला घातला तर त्याचा असा गुंता झाला की सोडवण्यात तीन दुपारी गेल्या. मान आखडली, बोटाला घट्टा पडला. आमच्या ह्यांनी जेवताना माझा एक नमुना उचलला, दोन्ही बाजूंनी ओढून बघितला आणि म्हणाले, "बैल बांधायला करायलीस का हे? ह्येच्यातनं त्यो सुटायचा न्हाई."

रडले मी. खरंच रडले. नातवंडाची वाट बघणाऱ्या बाईनं दोऱ्यापायी रडावं का? पण लाज वाटत होती आणि अंग मोडून आलं होतं.

सुवर्णाला आठवा महिना, पाय सुजलेले, तरी उठून शेजारी येऊन बसली. माझा डावा हात हातात घेतला. "झोप लागायलीय असं समज आन् हात सोड," म्हणाली.

समजायची गरजच नव्हती. इतकी दमले होते की हात आपोआप सुटला आणि गाठ टुणकन बोटांवरच्या दोऱ्यावर गेली. दोरा ओढला. गोल मिटला. तो गोल मी ह्यांना दाखवला, शेजारणीला दाखवला, दूधवाल्यालाही दाखवला.

मग नातू झाला. बाळंतिणीची शेक-शेगडी, बाळाचं तेल-न्हाणं, ह्यातून वेळ काढून लेस पुरी केली. बारशाच्या आदल्या दिवशी कुंचीला लावून बघते तर चार बोटं कमी.

"आई, पुरली का?" सुवर्णानं आतून विचारलं.

"पुरली."

म्हटलं, विणकामच आहे, ताणलं जाईल. स्वेटर नाही का ताणला जात? पण टॅटिंग म्हणजे नुसत्या गाठी. सूतभर ताणलं गेलं नाही. मग मी कुंचीलाच चुण्या घातल्या आणि तिला लेसच्या मापात बसवलं. दिसायला उलट छान दिसली.

बारशाला विहीणबाई आल्या. लेस उलटी केली, चष्मा लावून एकेक गोल बघितला. "सफाई हाय," म्हणाल्या. दोन महिन्यांचा शीण उतरला माझा.

मग कुंची बाळाला घातली. घातली कसली, डोक्यावर ठेवली. कपाळावर येईना, कानांवर येईना, नाड्या हनुवटीखाली पोचेनात. मी ओढतेय, बाळ किंचाळतंय, बायका बघताहेत.

"पुरली म्हनलीस की," सुवर्णा हळूच म्हणाली.

"चार बोटं कमी होती," मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. खोटं रेटायलाही अंगात बळ लागतं आणि ते उरलं नव्हतं.

विहीणबाईंनी कुंची काढून घेतली. बाळाआधी पाळण्यात वरवंटा निजवायचा असतो, तो पाटावर तयार होता. त्यांनी कुंची त्याला चढवली, नाड्या बांधल्या. माप घेऊन शिवल्यासारखी बसली.

"बगा इहीनबाई," त्या म्हणाल्या, "वाया न्हाई गेली."

फोटोत नातू साध्या झबल्यात आहे आणि वरवंटा माझ्या लेसमध्ये. बघणाऱ्या बायका विचारतात, लेस कुणी केली? मी सांगते, मीच केली. आणि दोन महिन्यांत माझ्या हातचं काम ज्यानं कुरकुर न करता अंगावर घेतलं, तो हा एकटाच.