मारुतीपर्यंत उदासी, मारुतीपासून नाच

कोरेगावच्या बाजारपेठेतून मी अजूनही हेल्मेट घालून जातो. पायी असलो तरी! का, ते सांगतो. हसा, पण पुढे कुणाला सांगू नका.

मी दोन वर्षं मँचेस्टरला शिकायला होतो. काय शिकलो ते विचारू नका, तिथल्या बँडांनी मला वेड लावलं. कापडगिरण्यांचं शहर. गिरण्या बंद पडल्या आणि त्या ओसाडीतून चार-चार पोरांनी बँड काढले. काळे शर्ट, पडलेले चेहरे, बास गिटारवर धून आणि यंत्र चालल्यासारखा ड्रम. वाजवताना लोकांकडे बघायचं नाही, आपल्या बुटांकडे बघायचं! पुढे त्याच शहराने त्याच उदासीला ठेका लावला आणि सगळ्या जगाला नाचवलं. आधी उदासी, मग नाच.

आणि मी कुठला? सांगलीजवळच्या माधवनगरचा. गिरण्यांच्या गावचा! विमानातून उतरतानाच माझं ठरलं होतं: इथेही तेच करायचं.

आमच्या गल्लीत दत्तू मास्तरांचा ब्रास बँड आहे. डीजे आल्यापासून त्यांच्या सुपाऱ्या आटल्या होत्या. ट्रम्पेटवाला भाजीची गाडी लावायला लागला होता.

"औंदाची लग्नसराई बघायची," मास्तर म्हणाले, "न्हाई जमलं तर बँड मोडायचा. बापाचा बँड हाय, म्हणून जीव तुटतोय."

"मास्तर, मी आलोय!" मी छाती पुढे काढून म्हणालो. "जगात नाव करू!"

"जगाचं ऱ्हाऊ द्या. मिरजेपतूर झालं तरी लय झालं."

संधी लगेच आली. माझा आतेभाऊ संदीप फौजेत आहे. रजा काढून आला होता. लग्न मुलीकडे, कोरेगावात. लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीला नेतात ना, तो परण्या. त्यात मास्तरांचा बँड मी आत्याच्या मागे लागून ठरवला. योजना साधी होती: कार्यालयापासून मारुतीपर्यंत उदासी, मारुतीपासून नाच. मँचेस्टरचा सगळा इतिहास अर्ध्या किलोमीटरमध्ये!

पंधरा दिवस तालीम केली.

"मास्तर, लाल कोट नकोत. सगळे काळ्या शर्टात."

"आवं, लाल कोट म्हंजी बँडची इज्जत!"

"इज्जत सुरात असते, मास्तर." या वाक्यावर खूश झालेला मी एकटाच होतो. पण मास्तरांनी ऐकलं. बुडणारा माणूस काडीचा आधार घेतो म्हणतात. काडी मी होतो.

आत्याला पुढच्या जीपवर पोराचा वर्दीतला फोटो हवा होता, रंगीत, गुलाबांच्या चौकटीत. मी फ्लेक्स छापून आणला काळा-पांढरा. खाली नुसतं नाव. तिकडच्या बँडांची कव्हरं अशीच असतात. जीपवाल्याने आपल्या सवयीने त्यावर झेंडूचा हार चढवला.

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं!

दुपारी चारला निघायचं होतं. नवरदेवाचा फेटा दोनदा सुटला, म्हणून घोडा मागे अडकला. मी म्हणालो, चला, येतील मागून. पुढे जीप, जीपवर स्पीकर, मागे गळ्यात गिटार अडकवून मी, माझ्यामागे काळ्या शर्टातला बँड. धम्म... धम्म... मी बुटांकडे बघत वाजवतोय.

बाजारपेठेत शिरलो आणि धाडकन् पहिलं शटर खाली आलं. मग दुसरं. मग तिसरं. मला वाटलं, वा! लोकांनी ठेका पकडला!

गलका थांबला. हॉर्न थांबले. एक बाई हुंदका देत म्हणाली, "अजून मिशी बी न्हाई गं फुटली धड." माझा ऊर भरून आला. ही उदासी भाषेपलीकडची आहे!

"मास्तर, लोकं रडाय लागल्यात," ट्रम्पेटवाला कुजबुजला.

"गुमान वाजीव. मँचेस्टर खूश हाय."

तेवढ्यात चौकातून खणखणीत आवाज आला, "सावधान!" मागोमाग कुणीतरी ओरडलं, "वीर जवान संदीप..."

आणि सगळ्या पेठेने उत्तर दिलं, "अमर रहे!"

मी पहिल्यांदा मान वर केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं टोप्या काढून उभी. चौकात एक म्हातारे रिटायर सुभेदार सॅल्यूट ठोकून ताठ उभे. आणि मागून टपटप करत घोडा आला. वर मुंडावळ्या बांधलेला वीर जवान संदीप.

सुभेदारांनी फोटोकडे बघितलं. घोड्याकडे बघितलं. हात कपाळावरच. "ह्यो कोण?"

"जयहिंद साहेब," संदीप म्हणाला. "माझं लगीन हाय आज."

इथे हसा हवं तर. पण घोड्यामागून येणाऱ्या आत्याने ती घोषणा ऐकली होती. पोरगा डोळ्यांसमोर घोड्यावर दिसत होता, तरी ती रस्त्यातच मटकन् खाली बसली. फौजीच्या आईने ज्या घोषणेचा विचारही कधी मनात येऊ दिला नाही, ती मी तिला तिच्याच पोराच्या लग्नात ऐकवली.

सुभेदार मास्तरांपुढे आले. "कुणी वाजवाय सांगितलं रं हे?"

मास्तरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग हात जोडून म्हणाले, "चूक आमची हाय, सायेब."

आणि मी? मी काय केलं? बुटांकडे बघत राहिलो.

उरलेला परण्या हलगीवर झाला. कुणीतरी काढलेला व्हिडिओ सांगलीपर्यंत पोचला आणि मास्तरांच्या उरल्यासुरल्या सुपाऱ्याही मोडल्या. अपशकुनी बँड, लोक म्हणायला लागले. मी त्यांच्या पाया पडलो, आत्याच्या पाया पडलो, कोरेगावला जाऊन सुभेदारांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी चहा पाजला.

मागच्या आठवड्यात मास्तरांचा फोन आला. "सुपारी मिळाली! नव्वदीचा म्हातारा गेलाय, पोरांना वाजतगाजत न्यायचाय."

मी उडालोच. "मास्तर! अंत्ययात्रा! मग आपली धून..."

"इचारलं की. फोनवरच वाजवून दावली."

"मग?"

"नगं म्हणाली पोरं. म्हणाली, आमचा म्हातारा सुखानं गेलाय, उगं मयताचा मूड घालवू नका."