सातवा रोडगा

पुण्याहून निघालो तेव्हा गाडीत माणसं चार होती आणि वजनकाटे तीन. शिवाय मापाचे कप, घड्याळं, सहा तापमापक, कॅमेरा आणि माझा पांढरा एप्रन. आमच्या दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमात आम्ही पाककृती आणि स्वयंपाकाची साधनं तपासून पाहतो. लोकांनी पाठवलेली कृती जशीच्या तशी करायची, नवा कुकर किंवा नवी शेगडी वापरून बघायची आणि शेवटी कॅमेऱ्याकडे पाहून ‘पास’ किंवा ‘नापास’ म्हणायचं. हे म्हणायचं काम गेली पंधरा वर्षं माझ्याकडे आहे. एकदा दिलेला निकाल फिरवायचा नाही हा माझा नियम, आणि तो मी येता-जाता सगळ्यांना ऐकवते. आमच्या स्वयंपाकघरात माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या वेळचा मुक्काम यवतमाळ जिल्हा. पहिलं काम फुलसावंगीजवळच्या एका तांड्यावर, दुसरं मारेगावला. सोबत कॅमेरा सांभाळणारा समीर, तापमानाच्या नोंदी घेणारी वैशाली आणि गाडी चालवणारे दत्ताभाऊ. पहिला दिवस रस्त्यातच गेला. पुसदला मुक्काम केला आणि सकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात पोहे मागवले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा (तर्री) आला. ‘‘मॅडम, तर्री कमी टाकू काय?’’ असं मालकाने विचारलं. मी स्वयंपाकातली बाई, मला कोण विचारणार? ‘‘भरपूर टाका,’’ म्हटलं. पुढची दहा मिनिटं मी डोळे पुसत होते आणि समीर ते चित्रित करत होता.

महागाव मागे टाकून फुलसावंगीच्या रस्त्याला लागलो. सोयाबीन निघून गेलं होतं, कापूस फुटला होता आणि त्याच्या ओळींमधून शेंगांनी लगडलेली तूर उभी होती. वेचणीला निघालेल्या बायका कमरेला ओटी बांधून बांधावरून चालल्या होत्या. ऊन कोवळं, हवा कोरडी, आणि माझ्या पोटात ती तर्री. एका वळणावर मोटारसायकलवरच्या गृहस्थांना तांडा विचारला.

‘‘टाकीवाल्या शेवंताकडं काय? टीव्हीवाले तुमीच?’’

‘‘हो, आम्हीच.’’

‘‘मंग नीट पाहा बरं. शनवारी जेवन हाय, आमाले तेच खा लागन.’’

तांडा म्हणजे पन्नास-साठ घरं. पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहून नेणाऱ्या लोकांच्या या वस्त्या. आता सगळे शेतकरी. आपापसात त्यांची गोरबोली, पाहुण्यांशी वऱ्हाडी. शेवंताबाई राठोड अंगणातच उभ्या होत्या. वय पन्नाशीच्या आतबाहेर, हात पिठाने माखलेले. त्यांच्या लेकीने आतून ‘‘याडी (आई), पाणी कोनाले देऊ?’’ असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता सगळ्यांना दिलं.

त्यांची गोष्ट त्यांनी कणीक मळता मळताच सांगितली. तांड्यावर आणि आसपासच्या गावांत कुणाच्या नवसाचं, देवाचं जेवण असलं की रोडगे करायला शेवंताबाईंनाच बोलवायचे. रोडगा म्हणजे जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचा गोळा. आत तेल लावलेले पदर, एकावर एक. गोवऱ्या पेटवून त्यांचे निखारे करायचे, त्यात हे गोळे पुरून भाजायचे आणि वरण-वांग्याच्या भाजीबरोबर तूप घालून खायचे. वीस वर्षं त्यांनी हेच केलं. मग दमा जडला. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं.

‘‘लांब म्हंजे किती? मी घरात बसली त करू काय? मले दुसरं काही येत नाही,’’ त्या म्हणाल्या.

म्हणून त्यांनी महागावच्या वेल्डरकडून एक टाकी बनवून घेतली. जुना लोखंडी ड्रम आडवा कापलेला, तळाला रेतीचा थर, वर जाळी, घट्ट झाकण, आणि खाली गॅसची शेगडी. धूर नाही. पण तांड्याचे लोक गॅसवरचा रोडगा देवाच्या जेवणात चालवून घ्यायला तयार नव्हते. शेवटी तांड्याच्या नायकांनी (प्रमुखांनी) तोड काढली. टीव्हीवाल्या बाईंनी पास केलं, तर शनिवारच्या जेवणाचे रोडगे टाकीत होतील. नापास केलं, तर निखाऱ्यावर, आणि ते काम शेवंताबाईंच्या जावेकडे जाईल. आम्हाला पत्र पाठवायचं नायकांनाच सुचलं होतं.

हे ऐकून मला बरं वाटलं. दोनशे किलोमीटरवरून आलेल्या परीक्षकाला एवढं महत्त्व मिळालं की बरं वाटतंच. खरं म्हणजे आम्ही दोनशेच्या कितीतरी पुढून आलो होतो, म्हणून मला जरा जास्तच बरं वाटलं.

परीक्षा नेहमीसारखी लावली. सारखी कणीक, सारखं वजन. सहा रोडगे टाकीत आणि सहा निखाऱ्यांत. निखाऱ्यांचं काम शेवंताबाईंचे यजमान देवसिंगभाऊ करत होते. शेवंताबाईंनी टाकीसाठी सात गोळे केले. ‘‘सातवा देवाचा. देवाचा काढल्याशिवाय मी रोडगे करत नाही.’’ वैशालीकडे तापमापक सहाच होते, तेव्हा देवाच्या रोडग्याला परीक्षेतून सूट मिळाली आणि तो जाळीच्या कोपऱ्यात बसला.

दर दहा मिनिटांनी झाकण उघडायचं, प्रत्येक रोडग्यात तापमापकाची सुई खुपसायची, आकडा लिहायचा. केक असो, पाव असो, आम्ही असंच करतो. निखाऱ्यातल्या रोडग्यांपर्यंत मात्र वैशालीचा हात पोचेना. देवसिंगभाऊंनी तिला अडवलंच. ‘‘एकदा इस्तवात (विस्तवात) दाबला की हात लावाचा नसते, ताई.’’ तिथे आम्ही फक्त वेळ लिहिली. शेवंताबाई ओसरीच्या खांबाला टेकून हे सगळं बघत होत्या. दोनदा त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, खोकला येतोय.

ठरलेल्या मिनिटाला दोन्हीकडचे रोडगे काढले आणि मी सुरीने कापले. निखाऱ्यातले फुललेले, पदर न् पदर सुटलेला. टाकीतले सहाही मध्ये चिकट, कच्ची कणीक सुरीला लागून आली. मी एप्रन सरळ केला, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘टाकी नापास.’’

परीक्षा पाहायला आलेले नायक म्हणाले, ‘‘ठीक हाय. मंग शनवारी इस्तवावरच.’’ शेवंताबाईंनी मान हलवली आणि आत जाऊन आमची ताटं वाढली. निखाऱ्यातला रोडगा कुस्करून त्यावर वरण, तूप, बाजूला काटेरी वांग्याची झणझणीत भाजी आणि ठेचा. मी दोनदा मागून घेतलं. त्या वाढत होत्या, आग्रह करत होत्या, आणि मी मनात म्हणत होते, किती समजूतदार बाई आहे. निघताना त्यांनी टाकीत राहिलेला सातवा रोडगा काढला, तांड्याच्या देवळात ठेवून आणला आणि फडक्यात बांधून आमच्या हातात दिला. ‘‘देवाचा हाय. रस्त्यानं खाजा.’’

मारेगावकडे निघालो. हमरस्त्याला लागून आर्णीच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर थांबलो. दत्ताभाऊंनी बॉनेटवर फडकं सोडलं आणि रोडगा हाताने फोडला. तो फुटला नाही, उमलला. आत अजून ऊब होती आणि पदर कांद्यासारखे सुटे झाले.

‘‘ताई, हा कच्चा कुठाय?’’ दत्ताभाऊंनी विचारलं.

‘‘हा निखाऱ्यातला असेल,’’ मी म्हणाले.

समीरने रोडगा उलटा केला. राखेचा कण नव्हता. तळाला टाकीच्या जाळीच्या चौकड्या स्पष्ट उमटल्या होत्या. वैशालीचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, ‘‘याला मी सुई लावली नव्हती.’’

मी चहा मागवला. पिऊन झाल्यावर दुसरा मागवला. सगळं लख्ख दिसत होतं, आणि मला ते दिसायला नको होतं. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून आम्ही टाकीची धग घालवली होती. सुया खुपसून गोळ्यातली वाफ घालवली होती. निखाऱ्यातल्या रोडग्यांना मात्र कुणी हात लावू दिला नव्हता. सातवा कोपऱ्यात राहिला. आम्ही निकाल देत होतो, जेवत होतो, तेवढा वेळ बंद झाकणाखाली निवांत शिजत राहिला. आम्ही टाकी तपासलीच नव्हती. आम्ही ती बिघडवून तिला नापास केलं होतं.

मारेगावला आमची वाट पाहत होते. निकाल न फिरवायचा माझा नियम सगळ्या महाराष्ट्राने ऐकलेला. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. तीन माणसांना कळलं असतं आणि ती तिघं माझ्या पगारपत्रकावर होती. मला लाज वाटली, अगदी कानांपर्यंत. मारेगावला फोन करून उद्या येतो म्हणून सांगितलं आणि दत्ताभाऊंना गाडी वळवायला लावली.

तांड्यावर पोचलो तेव्हा टाकीची जाळी बाहेर काढलेली होती आणि तिच्यावर मिरच्या वाळत घातलेल्या होत्या. इतक्या लवकर! शेवंताबाई सुपात काही पाखडत होत्या. आम्हाला पाहून उठल्या.

‘‘मॅडम, काही राह्यलं काय?’’

‘‘हो. परीक्षा राहिली,’’ मी म्हणाले. ‘‘आता तुम्ही घ्यायची. आम्ही कशाला हात लावणार नाही.’’

त्यांना क्षणभर खरं वाटेना. मग त्यांनी मिरच्या गोळा केल्या, जाळी धुतली, कणीक मळली. सात गोळे केले. झाकण लावलं आणि वैशालीसमोर हात पसरला. वैशालीने सहाही तापमापक त्यांच्या हातावर ठेवले. ते त्यांनी पिठाच्या डब्यात घालून वर झाकण लावलं.

त्यानंतरचा वेळ मला फार जड गेला. झाकण उघडायला हात शिवशिवत होते. ‘‘झाले असतील का?’’ मी तीनदा विचारलं.

‘‘वास येईन न, मॅडम. धीर धरा जराक.’’

वास आला. भाजल्या गव्हाचा, खमंग. तोपर्यंत नायक आणि चार माणसं जमली होती. शेवंताबाईंनी रोडगे काढले, गोणपाटात गुंडाळून ठेवले, थोडा वेळ तसेच राहू दिले आणि मग देवाचा बाजूला काढून एकेक हाताने फोडले. सगळे पदरापदराने सुटले. नायकांनी तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला.

‘‘धुराचा वास नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पन हात शेवंताचाच हाय. चालते.’’ मग ते माझ्याकडे वळले. ‘‘काहून मॅडम, तुमचा निकाल त फिरत नसते म्हन्ता?’’

समीरने कॅमेरा सुरू केला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला एप्रन घालावासा वाटला नाही. ‘‘सकाळची परीक्षा नापास,’’ मी म्हणाले. ‘‘चूक टाकीची नव्हती, माझी होती. टाकी पास.’’ बोलायला दहा सेकंद लागली. गाडीत आर्णीपासून घोकत आले होते.

कॅमेरा बंद झाल्यावर मी शेवंताबाईंना विचारलं, ‘‘तुम्हाला सकाळीच कळलं होतं का?’’

‘‘हो न. पयल्याच सुईले समजलं.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘म्हटलं, तुमी टीव्हीवाल्या, तुमाले जास्त समजत असन.’’ त्या हसल्या नाहीत. ‘‘आन तुमी कोनाले इचारूनच नाही राह्यल्या होत्या.’’

दुसऱ्या दिवशी मारेगावचं काम झालं, तिथली पातोडीची (बेसनाच्या वड्यांची) रस्साभाजी पास झाली, आणि यवतमाळ करत आम्ही पुण्याला परतलो. रस्ताभर कपाशी पांढरी होती, हवा छान होती, आणि मला मात्र जुने भाग आठवत होते. तो सातारचा कुकरवाला, ती रत्नागिरीची मोदकपात्रवाली, माझ्या ‘नापास’नंतर गप्प मान हलवून गेलेली कितीतरी माणसं. त्यांतल्या किती जणांचे ओठ हलले होते आणि मला खोकला वाटला होता? आता मोजून उपयोग नाही. आता निकालाआधी मी साधन बनवणाऱ्याला विचारते, ‘‘आमचं काय चुकलं?’’ परवा एक तवेवाला या प्रश्नावर पाऊण तास बोलला. पाऊण तासातली पाच मिनिटं कामाची होती आणि त्यामुळे त्याचा तवा वाचला.

रोडग्यांचा भाग दाखवला गेला, सकाळच्या नापासासकट आणि शेवटी मी पुण्यात केलेल्या वांग्याच्या भाजीसकट. संपल्यावर लगेच शेवंताबाईंचा फोन आला. शनिवारचं जेवण छान झालं होतं, सगळे रोडगे टाकीत झाले होते आणि जाऊबाई स्वतः टाकी शिकायला येऊन बसल्या होत्या. मी अभिनंदन केलं आणि फोन ठेवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या,

‘‘थांबा, मॅडम. आज तुमी पुन्याले रोडग्यासंग वांग्याची भाजी करून दाखवली न, तिच्यात गूळ कोन टाकला?’’

‘‘मी टाकला,’’ मी म्हणाले.

‘‘कायले?’’

मी कागद-पेन्सिल घेतली आणि म्हणाले, ‘‘सांगा.’’