पश्चिमेची काच

भूत, पितरांचे संकेत, स्वप्नातले दृष्टान्त यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात माझी सव्वीस वर्षं गेली. काटा दाखवतो ते खरं, आणि काटा चुकत असेल तर तो दुरुस्त करायचा, एवढंच मला येतं. तरीही जे झालं ते लिहायला वर्ष लागलं. विश्वास ठेवला जाणार नाही ही भीती होतीच, पण त्याहून मोठं एक कारण होतं... ते ओघात येईल.

मी मूळचा इथल्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावचा. वडील मच्छीमार, स्वतःची होडी होती. मी मात्र पाण्यावर गेलो की उलट्या करायचो, त्यामुळे आयटीआय करून नोकरीला लागलो. भरती-ओहोटीचं गणित घरातल्या सगळ्यांना यायचं, माझ्या धाकट्या बहिणीलासुद्धा. मला कधी आलं नाही, आणि शिकावंसंही वाटलं नाही.

गेल्या वर्षी होळीनंतर बाबा खाडीच्या चिखलात घसरले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पाय काही जमिनीला लागले नाहीत. आई आधीच गेलेली. मग मी त्यांना बोईसरच्या माझ्या फ्लॅटवर आणलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांच्या खोलीच्या एकुलत्या एका खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगची भिंत दिसते. समुद्र तिथून पश्चिमेला दहा-बारा किलोमीटर.

त्यांची मागणी एकच होती. "एकदा दांडीला ने मला. खाडीत पाणी भरलेलं बगतो, मग गप पडून राहतो."

"नेतो बाबा. या रविवारी."

न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून दोन जिने उतरवायचं. अवघड होतं, अशक्य नव्हतं. खालच्या मजल्यावरची पोरं स्वतःहून म्हणाली होती, "काका, फक्त वेळ सांगा, आम्ही चौघं आहोत." पण माझी शिफ्ट असायची, नाहीतर पाऊस, नाहीतर नुसताच कंटाळा.

तेवढ्यात कंपनीतला एक जण म्हणाला, आजारी माणसाच्या खोलीत मासे ठेव, मन रमतं. मला ते फार पटलं. आता लिहिताना कळतंय का पटलं ते. समुद्राच्या बदल्यात टाकी देऊन मी मोकळा होणार होतो.

पालघरहून अडीच फुटी टाकी आणली. दुकानदार जाणकार होता. "साहेब, आधी पाणी तयार होऊ द्या, मासे मग." तीन आठवडे रिकामी टाकी फिल्टर लावून चालू ठेवली. माशांची घाण पचवणारे चांगले जीवाणू त्या काळात वाढतात. नळाचं पाणी बादलीत दिवसभर ठेवून क्लोरीन उडवायचं, दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, तळाची घाण नळीने ओढून घ्यायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली न धरता टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. मी सगळं शिकलो. पीएच, अमोनिया मोजायचं किट आणलं. मग आठ टेट्रा आणि सहा गप्पी सोडले.

बाबा पलंगावरून बघत होते. "मी आयुष्यभर मासे पाण्यातनं बाहेर काढले," ते माझ्या बायकोला, मीनाला म्हणाले, "आणि हा माझा पोरगा पाण्यात घालतोय." मीना हसली. ते पुढे म्हणाले, "हिटर काय, औषध काय... आमच्या बोंबलांनी कदी तक्रार केली नाय बाबा."

पहिला आठवडा छान गेला. मग मासे बिथरायला लागले.

सगळेच्या सगळे चौदा मासे एकदम टाकीच्या डाव्या काचेला जमायचे आणि तोंड काचेला लावून वर-खाली, वर-खाली करत राहायचे. पुढे जायला वाट मिळत नसल्यासारखे. अर्धा तास हे चालायचं, मग एकाएकी सगळे पांगायचे. दिवसातून दोनदा. खाणं टाकलं तरी वळून बघायचे नाहीत.

दुकानदाराला फोन केला. "मासा काचेला धडकतो म्हणजे पाण्यात काहीतरी खटकतंय. वेळ लिहून ठेवा, कारण सापडेल." हे काम माझ्या आवडीचं. वही घेतली, रकाने आखले. तारीख, वेळ, पाण्याची रीडिंग, शेरा. अमोनिया शून्य. पीएच ठीक. तापमान ठीक. काचेत प्रतिबिंब दिसत असेल म्हणून काळा कागद चिकटवला. फरक नाही. फिल्टरच्या मोटारीचा आवाज असेल म्हणून मोटार बंद ठेवून पाहिली. फरक नाही. शेवटी एका दुपारी मीनाच्या मदतीने टाकी अर्धी रिकामी करून अख्खी फिरवली, डावी बाजू उजवीकडे. दुसऱ्या दिवशी मासे आधीच्या उजव्या काचेला, जी आता डावीकडे आली होती! म्हणजे काच बदलली, दिशा तीच. पश्चिम.

वेळ रोज बदलत होती. काल साडेनऊला, आज सव्वादहाला, उद्या अकराला. एखादा टायमर बिघडल्यासारखी पुढे सरकत होती. मी विजेचं व्होल्टेज तपासलं, इमारतीच्या पाण्याच्या पंपाच्या वेळा तपासल्या. कोळ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला यातून काय कळायला हवं होतं, ते तुम्हाला कदाचित एव्हाना कळलंही असेल. मला कळलं नाही.

शेऱ्याच्या रकान्यात मी आणखी एक गोष्ट लिहीत होतो, सवयीने, फार विचार न करता. 'बाबा अस्वस्थ.' मासे काचेला लागले की बाबा चुळबुळ करायचे, उशीवरून मान उचलायचे आणि म्हणायचे, "कदी नेतोस रे?" टाकी फिरवताना आम्ही ती त्यांच्या पलंगापासून सहा फुटांवर, डोक्यामागे सरकवली होती. त्या दिवसापासून त्यांना मासे दिसतही नव्हते.

मी माशांना शांत करण्याच्या मागे लागलो. रविवार त्यातच जायचे.

शेवटी नारळी पौर्णिमेचा शब्द दिला. रजा टाकली, पोरांना सांगितलं, मीनाने नारळ आणून ठेवला. बाबांनी आदल्या दिवशीच दाढी करून घेतली. सकाळी उठून बघतो तर एक गप्पी मरून तरंगतोय आणि अमोनिया चढलेला. मी हातात नळी घेतली. पोरं खुर्ची घेऊन दारात आली. "काका, निघायचं ना?" मी म्हणालो, "आज राहू द्या रे, मासे मरतील सगळे."

बाबांनी आपल्या गुळगुळीत गालावरून एकदा हात फिरवला.

संध्याकाळी बहिणीचा, कुंदाचा फोन आला. ती दातिवऱ्याला दिलेली, सणाला तिला तिकडेच असावं लागतं. "दादा, नेलंस ना बाबाला?"

मी म्हणालो, "नेलं. नारळही सोडला त्यांच्या हातून."

फोन स्पीकरवर होता. बाबा माझ्याकडे बघत होते. कुंदा म्हणाली, "बाबा, बगितलंस काय पाणी?"

बाबांनी क्षणभर डोळे मिटले. "हो गं. यानं नेलं ना. चांगलं होतं पाणी."

त्यानंतर बाबांनी मला एकदाही दांडीचं विचारलं नाही. पंधरा दिवसांत ते गेले. सकाळी चहा घेतला, भिंतीकडे कूस वळवली आणि गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं.

त्या दिवसापासून मासे काचेला लागले नाहीत. एकदाही नाही. घरात माणसं भरलेली असताना ते माझ्या लक्षात आलं, याचीही मला लाज वाटते.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, कुंदा बाबांच्या खोलीत आवराआवर करत होती. टाकीवरची वही तिच्या हाताला लागली.

"दादा, हे टाइम कोणी दिले तुला?"

"कोणी नाही. मासे बिथरायचे, त्या वेळा आहेत."

"येडा झालास काय? ही भरती हाय."

मी हसलो. ती हसली नाही.

"रोज पाऊण तास पुढं. मासेवालीला शिकवतोस काय? थांब, पुनवेचं बगते, ते तर मला तोंडपाठ हाय. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा टाइम येतो. पुनव म्हणजे पंधरावी तिथी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, ती समुद्राची भरती. आपल्या खाडीत, बाबाची होडी बांधायचो तिथं, पाणी भरायला अर्धा तास जादा. मग तिथं अर्धा तास पाणी हलत नाय. म्हणजे पावणेबारा ते सव्वाबारा." तिने पानं उलटली आणि नारळी पौर्णिमेच्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागली. "पावणेबारा... मासे पश्चिम काचेला, सव्वाबारापर्यंत... बाबा अस्वस्थ... पाणी तीस टक्के बदललं..."

तिचा आवाज थांबला. माझं अक्षर. माझी वही. त्या दिवशी पावणेबाराला मी कुठे होतो आणि बाबा कुठे होते, ते तिथे लिहिलेलं होतं.



"बाबा तर बोलला, पाणी चांगलं होतं," ती म्हणाली.

मी मान खाली घातली.

तिने वही मिटून होती तिथेच ठेवली. "माशांचं पाणी बदललंस ना वेळेवर? बरं केलंस, दादा."

एवढंच. त्यानंतर ती माझ्याशी नीट बोलते, सुकट पाठवते, भाचीच्या साखरपुड्याला आम्हाला मानाने बोलावलं. पण त्या खोलीत ती पुन्हा गेलेली नाही, आणि तो विषय आम्ही दोघांनीही काढलेला नाही. ती हे वाचेल, तिची मुलगी तिला दाखवेल. कुंदा, मी नेलं नाही. तू वाचलंस ते खरं आहे.

कोणी म्हणेल, चंद्राच्या ओढीचा माशांवर परिणाम होत असेल. पण हे मासे नदीतल्या जातीचे, दुकानाच्या टाकीत जन्मलेले. यांच्या कितीतरी पिढ्यांनी समुद्र पाहिलेला नाही. आणि चंद्रच असेल, तर बाबा गेल्यावर ते थांबले का? आणि वेळ जुळली ती नेमकी त्या एका खाडीतल्या त्या एका जागेची... हे कसं? काटा काय दाखवत होता ते मी रोज लिहीत होतो, आणि काट्यालाच दुरुस्त करत बसलो होतो.

आता मला पाऊणपटीचं गणित येतं. यंदाच्या नारळी पौर्णिमेला एकटाच दांडीला गेलो. होडी बांधायचे तिथे उभा राहिलो. पावणेबाराला खाडी काठोकाठ भरली आणि पाणी उभं राहिलं. हातात नारळ होता. मी मीनाला फोन लावला.

"जरा मासे बघ. काय करताहेत?"

ती खोलीत गेल्याचं ऐकू आलं. "काही नाही. फिरताहेत आपले. का हो?"

"पश्चिमेच्या काचेला नाहीत?"

"नाही. अगदी शांत आहेत."

टाकी अजून आहे. एकही मासा आजारी नाही, गप्पींना पिल्लं झालीत. अमोनिया शून्य, पीएच ठीक, पाणी काचेसारखं. भरतीच्या वेळी घरी असलो की मी तिच्यासमोर वही घेऊन बसतो. शेऱ्याचा रकाना रिकामा राहतो.