डाव्या काचेची खिडकी

ऊनकाकांचं उन्हाशी वाकडं होतं. तुमचं-आमचं असतं तसं नव्हे, की मे महिन्यात डोक्याला रुमाल बांधला आणि पंख्याखाली बसून कुरकुर केली. त्यांचं बारा महिन्यांचं वैर. कुणाच्याही घरी गेले की आधी खिडक्यांच्या दिशा बघायचे आणि चहाचा कप हातात येण्याआधी यजमानांना सुनवायचे, "अहो, हे कपाट हलवा इथून. दुपारचं ऊन थेट पडतंय." विचारलं होतं कुणी? पण सांगायचे. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीतल्या पोरांनी त्यांना ऊनकाका करून टाकलं, आणि त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

मी तळमजल्यावर शिवणाचा क्लास चालवते, म्हणून ते मला बाई म्हणत. ते आणि काकू वरच्या मजल्यावर. हडपसरच्या कारखान्यात त्यांनी नोकरीभर यंत्रांची ड्रॉइंगं काढली. निवृत्त झाल्यावर एक जुनी गाडी घेतली, शाळेच्या सहलीला नेतात तसली, आणि मागच्या सीटा काढून तिचं चालतं-फिरतं घर केलं. पलंग, शेगडी, एवढंसं सिंक. पुढे दोनच सीटा राहिल्या, उजवी चालवायला त्यांची आणि डावी काकूंची. पेठेत स्कूटर लावण्यावरून शेजाऱ्यांची बोलाचाली बंद होते, तिथे ही गाडी कुठे राहणार? वाघोलीला माझ्या यजमानांनी घेऊन ठेवलेला रिकामा प्लॉट होता. चार बाजूंना भिंत आणि वर नुसतं आभाळ. मी म्हटलं, लावा तिथे.

गाडी घरी आणली त्या दिवशी काकूंनी तिची पूजा केली. नारळ झाला, हार झाला, मग त्या आपल्या सीटवर चढून बसल्या आणि समोरच्या काळ्या डॅशबोर्डवर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढू लागल्या. काकांना कुठला धीर! त्यांनी किल्ली फिरवली. गाडी हादरली, काकूंचं बोट घसरलं आणि स्वस्तिकाचा एक हात भलताच लांब झाला. "जरा दम धरवत नव्हता का?" काकू करवादल्या. "लांब हात चांगला, लांबचा प्रवास होईल," काका म्हणाले. आम्ही सगळे रस्त्यात उभे राहून हसत होतो.

लांबचा प्रवास कसला, एकदा वाईपर्यंत जाऊन आले, तेवढाच. मग काकूंची किडनी बिघडली. आजारपण दोन उन्हाळे चाललं, आणि ते दोन्ही उन्हाळे गाडी वाघोलीत उघडी तापत पडली होती. काकू गेल्यावर काका पहिल्यांदा तिकडे गेले, त्या दिवशी मी बरोबर होते. डॅशबोर्ड उन्हानं पार राखाडी पडला होता. कुंकू विटून गुलाबीसर झालं होतं, कडांना तर नाहीसंच. काका डाव्या दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, हे ऊन तिचं बोट पुसतंय." त्यांचं वैर सुरू झालं ते त्या दिवशी.

आधी त्यांनी आतून पडदे लावून पाहिले. ते त्यांना पटेनात. "ऊन काचेतून आत शिरलं, मग पडदा कसला ओढता? पाहुणे जेवायला बसल्यावर दाराला कडी लावण्यातला प्रकार." मग बाहेरून झाकायचं ठरलं. त्यांनी वर्तमानपत्रं काचांवर धरून नेमके आकार कापले, समोरच्या काचेचा, दोन दारांच्या काचांचा, आणि माझ्या टेबलावर आणून पसरले. आत गोधडीचा थर, वर चंदेरी ताडपत्री, आणि दोन्ही बाजूंना दारात अडकवायला पट्ट्या, म्हणजे वाघोलीच्या वाऱ्यानं उडायला नको. पावसाळ्यात आत बुरशी धरू नये म्हणून खाली बोटभर जागा मोकळी. मी ब्लाउज शिवणारी बाई, पण त्यांनी माझ्याकडून कव्हरं अशी शिवून घेतली की जणू लग्नाचा शालू आहे. टाका तिरका गेला की उसवायला लावायचे.

शेवटी म्हणाले, "डाव्या काचेच्या कव्हरला एक छोटी खिडकी ठेवा. वर झाकण, उघडता येईल असं."

"कशाला?"

"बघायला."

"आत बघायला होय? मग जरा वर घेते."

"आत नाही. बाहेर," ते म्हणाले आणि काकूंची उंची लक्षात घेऊन खडूनं खूण करून दिली.

मला भुताखेतांचं काही वाटत नाही हो. पण ती खिडकी शिवताना माझ्या अंगावर काटा आला.

मग दर रविवारी त्यांची वाघोलीची फेरी सुरू झाली. मी कधीमधी बरोबर जायची. कव्हर काढण्याआधी ते डाव्या काचेवर टकटक करत आणि हळूच म्हणत, "आलोय." मग खिडकीचं झाकण उघडत, उजवीकडून चढत आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवत. काकू बुटक्या, म्हणून त्यांची सीट पुढे सरकवलेली होती. ती तशीच असायची, पट्टासुद्धा लावलेला. मी एकदा पाय मोकळे करायला म्हणून तिथे बसायला निघाले, तर काका म्हणाले, "बाई, मागे पलंग आहे." तेव्हापासून मीही त्या सीटला वळसा घालून चालायला लागले. आत अंधार, गोधडीचा वास, आणि समोर ते फिकट कुंकू. कुणीतरी नुकतंच बोलायचं थांबलंय असं तिथे वाटत राही. काकांना ते वाटत नसे, त्यांना ठाऊकच होतं.

आणि मग तो दसरा आला. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी धूळ आणि ऊन बंद केलेलं. त्यांचा मुलगा अभय आणि सून मृणाल, दोघंही सज्जन, कंपन्यांत राबणारी. त्यांना वाटलं, दसऱ्याला बाबांची गाडी पूजेवाचून कशी ठेवायची? न सांगता वाघोलीला गेली, गाडी आतून-बाहेरून धुतली, झेंडू लावला आणि संध्याकाळी हौसेनं मोबाइलवर फोटो दाखवायला आली. मी तिथेच होते. डॅशबोर्ड लख्ख, आणि त्यावर लालभडक ताजं स्वस्तिक.

काकांनी एका डोळ्यानं फोटो बराच वेळ पाहिला. "आधीचं पुसलंत?"

"हो बाबा, लिक्विड लावून. किती धूळ होती!"

"छान केलंत," काका म्हणाले. बस. अशा वेळी खवट बोलणारा हा माणूस, एक टोमणा नाही. पोरांना आपट्याची पानं दिली, तोंड गोड केलं. मला त्या दोघांचा इतका राग आला होता, आणि त्यांची चूक तरी काय? दसऱ्याला पारोशी गाडी कोण ठेवतं?

पुढचे कितीतरी रविवार काका गेलेच नाहीत. डोळा बरा झाला तरी नाहीत. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. एके दिवशी जिना उतरून माझ्याकडे आले. "बाई, ती कव्हरं काढून टाकू या. आता झाकायचं काय राहिलंय? गाडी अभय विकतो म्हणतोय, विकू दे."

आम्ही गेलो. मृणालनं त्यांची कार काढली, मी मागे बसले. प्लॉटवर काकांनी काचेवर टकटक केली नाही. तेवढं पाहूनच मला रडू यायला लागलं. त्यांनी डावं दार उघडलं, मी कव्हरच्या पट्ट्या सोडल्या, आणि मृणाल आपली सहज म्हणाली, "बाबा, माझं स्वस्तिक जरा वेडंवाकडं झालंय हं. इथे काळा डाग होता, कितीही घासला तरी जाईना. मग म्हटलं, त्याच्यावरूनच गिरवावं. म्हणून हा हात लांब गेला."

काकांनी खिशातून रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्यानं भिजवला आणि मृणालचं कुंकू हळूहळू टिपून काढलं. खाली, राखाडी डॅशबोर्डवर, काळंभोर स्वस्तिक होतं. त्या दोन उन्हाळ्यांनी सगळा डॅशबोर्ड विटवला होता, फक्त काकूंच्या कुंकवाखाली तो मूळचा काळा राहिला होता. लांब हातासकट, घसरलेल्या बोटासकट.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं.

काकांनी त्या लांब हातावरून बोट फिरवलं. "उन्हानंच ठेवलंय की हो," ते म्हणाले. "आणि मी त्याच्याशीच भांडत बसलो." मग ते रडले. मृणाल बिचारी घाबरून माझ्याकडे बघत होती. मी तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं, तर तीही रडायला लागली. परत निघताना काकांनी कव्हरं स्वतःच्या हातानं पुन्हा चढवली. "राहू द्या," म्हणाले, "तिला सवय झालीय सावलीची." आणि डाव्या काचेवर टकटक करून, "येतो," म्हणाले.

काका थंडीत गेले, झोपेतच. गाडी विकायचा विषय मृणालनंच बंद केला. गाडी अजून वाघोलीत आहे. आम्ही दोघी रविवारी जातो, मृणाल इंजिन चालू करते, मी काचा पुसते. डाव्या सीटवर अजून कुणी बसत नाही. कव्हर काढण्याआधी माझा हात आपोआप काचेकडे जातो. हसायचं त्यानं हसावं.

या उन्हाळ्यात उजव्या काचेचं कव्हर फाटलं. मी काकांचे जुने वर्तमानपत्राचे आकार काढून नवं शिवायला घेतलं. मृणाल शेजारी बसली होती. मी खडूनं खूण केली, काकांच्या उंचीची, आणि कात्री लावली.

"मावशी, इकडेही खिडकी कशाला?" तिनं विचारलं.

"बघायला," मी म्हटलं. "बाहेर."