तात्यांच्या ओसरीवर वीस मिनिटं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळेत ऱ्हस्व-दीर्घ शिकवत होते तेव्हा मी शेळ्यांमागे असायचे. चौथीपर्यंत गेले, तेही परीक्षेपुरतं. ही वही मी माझ्यासाठी लिहिते आहे. तरी कुणाच्या हाती लागलीच तर अक्षर लावून वाचावं, आणि वाचल्याचं मला सांगू नये.

कडा या बाजारगावाच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथल्या चर्चच्या मुलींच्या वसतिगृहात मी स्वयंपाक करते. चाळीस मुली, दोन वेळच्या मिळून दोनशे भाकरी. मालक वारले, मुलगी सासरी नांदते. आम्ही आजोबांपासून ख्रिस्ती आहोत. मला चार माणसांत बोलता येत नाही. दुकानदाराने सुटे कमी दिले तरी मी तशीच घरी येते आणि घरी आल्यावर त्याला काय म्हणायला हवं होतं ते म्हणते.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे नवे फादर आले. ते दक्षिणेतल्या एका आश्रमात राहून झेन शिकले होते. झेन म्हणजे जपानकडची ध्यानाला बसायची रीत. भिंतीकडे तोंड करून मांडी घालायची, डोळे अर्धे उघडे ठेवायचे आणि श्वास मोजत वीस मिनिटं बसायचं. फादर बसण्याआधी क्रुसाची खूण करायचे आणि उठल्यावर प्रभूची प्रार्थना म्हणायचे. गावातल्या ख्रिस्ती लोकांनी दोन दिवस सकाळी येऊन पाहिलं. तिसऱ्या दिवशी फादर आणि मी उरलो. मला ते आवडलं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नाही.

संध्याकाळी हेच फादर पटांगणात मुलींना कराटे शिकवायचे. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे. "पाय रोवा. श्वास खाली पोटात. समोरच्याला मारायची घाई करू नका, पण मागे सरकू नका. लढणाऱ्याचं अर्धं काम नुसतं उभं राहणं आहे," असं ते सांगायचे. मी पातेलं ढवळताना तशी उभी राहू लागले. कंबरदुखी कमी झाली. दहावीतली एक पोरगी म्हणाली, "मावशे, पिठल्याशी कुस्ती लावली का?"

दुसरी म्हणाली, "गप बस. गुठळ्या भिऊन पळाल्यात बघ."

त्या दिवशी पिठल्यात खरंच गुठळी नव्हती.

आता पैशाचं सांगते. माझ्या घराला संडास नव्हता. शाळा चालू असते तोवर मी वसतिगृहातला वापरते. पण मे महिन्यात मुली गावी जातात, फाटकाला कुलूप लागतं आणि मला उजाडायच्या आत रानात जावं लागतं. मागच्या मे महिन्यात बांधावरून पाय घसरून गुडघा सुजला. म्हणून मी संडासासाठी तीस हजार जमवले होते. गवंडी शेजारच्या गावचा, मला खाला, म्हणजे मावशी, म्हणणारा. त्याने दिवाळीत घरामागे खड्डाही खणून ठेवला.

त्याच आठवड्यात तात्या घरी आले. तात्या म्हणजे आमचे माजी सरपंच. सोबत चार माणसं होती. ते म्हणाले, "बाई, बोअरवाल्याचं द्यायचं हाय, माझे पैसे अडकलेत. तुमच्याकडं हायत असं कळलं. आठ दिवसांत आणून देतो." चार माणसांपुढे मला नाही म्हणता आलं नाही. एकच माणूस असता तरी आलं नसतं. मी डबा काढून दिला. तात्यांच्या घरी तीन संडास आहेत, त्यातला एक पाहुण्यांसाठी.

आठ दिवसांचे दोन महिने झाले. शेजारणीची शेळी खड्ड्यात पडली. ती काढताना शेजारीण म्हणाली, "आधी भिंत बांधावी, मंग खड्डा खणावा." गवंडी येऊन खड्ड्यात बघायचा आणि विचारायचा, "खाला, पैसा आया क्या?" मी मान हलवायचे. तो म्हणायचा, "मई के पहले बोलो. बाद में मेरेकू टाइम नै."

जानेवारीत मी तात्यांकडे गेले. मुलींचा नाश्ता उरकला होता, दहा वाजले होते. ओसरीवर पाच-सहा माणसं बसली होती. तात्या म्हणाले, "या बाई. काय काम हाय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "काही न्हाई. बसते जरा."

"बसा की."

मी कोपऱ्यात बसले. माणसं बघत होती म्हणून लाज वाटली आणि मी भिंतीकडे तोंड फिरवलं. एकदा भिंत समोर आली की मला बसायचं कसं ते माहीत होतं. हिरवा ऑइलपेंट होता आणि खाली एक पोपडा सुटलेला. वीस मिनिटं झाल्यावर उठले आणि घरी आले. पैशाचं बोलायचं राहिलं. म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं.

आठवडाभर मी अशी जाऊन आले. रोज मागायचं ठरवून जायचे. एक जण तात्यांना म्हणाला, "कोण हाय बे ही? भिंतीला हजेरी देती का?" तात्या हसले, पण दोनच दिवस. मग म्हणाले, "बाई, बसायला ना न्हाई. पण तोंड इकडं करून बसा. लोकांला वाटतंय मी तुमाला शिक्षा केली."

"मला असंच शिकवलंय," मी म्हणाले. तात्यांशी बोललेलं माझं ते पहिलं पुरं वाक्य होतं.

त्यांच्या मंडळींना मी करणी करते अशी शंका आली. भिंतीवर माझ्या डोक्यापाशी लिंबू-मिरच्या टांगल्या गेल्या. मी दोन हात बाजूला सरकून बसले. मग तिथंही टांगल्या.

तात्यांची आई ऐंशीच्या पुढची. आत खाटेवर असायची. एक दिवस भिंतीला धरत बाहेर आली आणि माझ्याशेजारी बसली. "कोण गं तू? कावून बसतीस रोज?"

म्हातारीशी मला बोलता येतं. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. तीस हजार, खड्डा, शेळी, मे महिना.

ती म्हणाली, "आमच्या येळंला असंच बसायचे लोक. ज्याचं येणं हाय तो दारात उपाशी बसायचा. तो उठंपर्यंत घरच्यांनीबी घास तोंडात घालायचा न्हाई."

"मी उपाशी न्हाई आजी. जेवून येते."

"ते तुझं तू बघ. माझ्या दारात तू बसलीस न् मी खाऊ?"

आजींची भाकरी दहाला असायची. त्या दिवसापासून मी उठेपर्यंत त्या जेवेनात. सून ताट घेऊन यायची आणि परत न्यायची. आजींना साखरेचा त्रास होता. मला वाईट वाटलं म्हणून मी अकराला जाऊ लागले, म्हणजे त्यांचं जेवून होईल. तर त्यांनी जेवण अकरावर नेलं.

आता मला झोप लागेना. मी फादरांना विचारलं, "प्रार्थनेत आपण म्हणतो, ज्यांच्याकडे आमचं येणं आहे त्यांना आम्ही सोडलं. मी तर सोडलेलं नाही. मग मी रोज देवापुढे खोटं बोलते का?"

फादर म्हणाले, "त्यांच्यावर राग आहे का?"

"थोडा. पैसे जास्त आहेत."

"राग सोडा. पैसे मागा. मागणं पाप नाही."

"पण बसताना काही मागायचं नसतं म्हणता. मी तर बसते ते मागायलाच. आणि मागे सरकायचं नाही असंही तुम्हीच सांगता. तिकडं म्हातारी उपाशी राहते. यातलं कोणतं धरू?"

फादर म्हणाले, "मला माहीत नाही. पण त्या माणसाला तुम्ही एकदा तरी तोंडाने सांगा. न सांगता बसणं म्हणजे त्याला कोड्यात ठेवणं."

ते मला पटलं. दुसऱ्या दिवशी मी तात्यांच्या ओसरीच्या पायरीशी पाय रोवून उभी राहिले आणि श्वास पोटात नेला. ओसरीवर आठ माणसं होती. मी म्हणाले, "तात्या, माझे तीस हजार द्या. मला संडास बांधायचाय." आवाज बारीकच होता, पण सगळे गप्प होते त्यामुळे ऐकू गेला. मग मी वर जाऊन कोपऱ्यात बसले. त्या दिवशी श्वास मोजताना सारखी चुकत होते.

तात्या म्हणाले, "बाई, असं चारचौघांत?"

मी भिंतीकडे बघत म्हणाले, "नेलेही चारचौघांतच होते."

आतून आजी म्हणाल्या, "दे रं तिचे. मला भूक लागली."

चार दिवसांनी दहा हजार आले. मार्चमध्ये पंधरा. गवंड्याने काम सुरू केलं. भिंती झाल्या, पत्रा झाला, भांडं बसलं. दाराचे पाच हजार राहिले. तो म्हणाला, "खाला, तब तक परदा लगा लो." मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "नै, नै. समझ गया." दार नसलेला संडास माझ्यासारखीच्या काही उपयोगाचा नाही. रान तरी मोठं असतं.

तात्यांना वाटलं पंचवीस दिले म्हणजे झालं. "बाई, आता किती बसता? उरलेत किती थोडे."

"दाराचे हायत."

मी जात राहिले. राग मात्र कधी गेला ते कळलं नाही. एक दिवस प्रार्थना म्हणताना येणं सोडल्याची ती ओळ न अडखळता म्हणून झाली, एवढंच लक्षात आलं. आजी रोज माझ्याशेजारी येऊन बसू लागल्या, त्याही भिंतीकडे तोंड करून. पाच मिनिटांत त्यांना डुलकी लागायची. ओसरीवर येणारी माणसं आता आमच्याकडे बघतही नव्हती. फक्त तात्या बघायचे.

एप्रिल संपत आला. मुलींच्या ट्रंका भरून झाल्या होत्या. त्या दिवशी मी बसून थोडाच वेळ झाला असेल, तात्या आतून आले आणि माझ्यापुढे उकिडवे बसले. भिंत आणि माझ्यामध्ये जागा कमी होती, तरी बसले. त्यांनी नोटा माझ्या हातात दिल्या. "मोजा."

मी मोजल्या. पाच हजार होते.

"तीस पुरे झाले न्हवं?"

"झाले."

"मंग उठा की आता."

"अजून वेळ व्हायचाय," मी म्हणाले.

तात्या उठून बाजूला झाले. आजींनी सुनेला हाक मारून भाकरी मागितली आणि माझ्याशेजारी बसूनच खाल्ली. मी पैसे कमरेच्या पिशवीत ठेवले आणि वीस मिनिटं पुरी केली. जाताना कड्याच्या वाटेवर गवंडी भेटला. त्याने विचारायच्या आत मी त्याला सांगितलं, "आले. सगळे आले."