ओवून दिलेली सुई

"आजी, सुई डोळ्यांसमोर धरा. आणि हसा."

मॅडमनी खोक्यातला एक चष्मा काढून माझ्या आईच्या नाकावर बसवला होता. हातात सुई-दोरा दिला होता. आई दोरा सुईच्या शेजारून नेत होती. पुन्हा पुन्हा. फोटोवाला कंटाळला. मागे कुणीतरी हसलं. माझी कानशिलं तापली. मग मॅडमनी सुई काढून घेतली, स्वतः ओवली आणि आईच्या बोटांत परत ठेवली.

"हं, आता बघा. दिसतंय ना?"

"दिसतंय बाईसाहेब. लख्ख दिसतंय."

टाळ्या. फोटो निघाला.

पळसदरीजवळ मॅडमचं फार्महाऊस आहे. आई तिथे भांडी घासायची. भांड्यांना खरकटं राहतं म्हणून तिला काढून टाकलं. पुढे त्याच अंगणात मॅडमच्या सासऱ्यांच्या स्मरणार्थ नेत्रशिबिर भरलं. चष्मे वाटणारा माणूस सकाळीच आला होता. डॉक्टर दुपारी येणार होते. आले नाहीत.

परतताना वाटेत शेजारच्या काकू भेटल्या. "चष्मा लावला. तलाठीणबाई झालीस गं."

"तलाठीण असते तर आदी तुजाच सातबारा तपासला असता," आई म्हणाली.

दोघी हसल्या. काकू पुढे गेल्या तसा आईने माझा दंड धरला.

"खरंच दिसतंय?" मी विचारलं.

"कायबी नाय. कडंचं तर कवाधरनं दिसत नाय."

"मग तसं सांगायचं ना."

"त्यांच्या दारात उभं राहून, त्यांनी दिल्याला नावं ठेवायची? आमी नाय असं करत गं."

आमच्यात असंच आहे. दिलेली साडी आखूड असली तरी देणाऱ्याला नेसून दाखवायची. वाढलेलं खारट असलं तरी पुन्हा मागायचं. आई तो चष्मा पदराने पुसून रोज लावायची. चष्मा आहे म्हणजे इलाज झाला, असं साऱ्या घराने धरलं.

हे मी सावकाश लिहिते आहे. घाईत लिहिलं तर शिव्या येतील.

पुढे पुढे तिला समोरचं ताट चाचपावं लागलं. पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे पहिल्यांदा कुणीतरी तिच्या डोळ्यांचा दाब मोजला. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. वेळेत कळलं असतं तर रोज औषधाचे थेंब घालून उरलेली राखता आली असती.

गेल्या उन्हाळ्यात आई मागच्या दाराने बाहेर निघाली आणि पडली. लोक म्हणाले, पाय घसरला. पायरी कोरडी होती. तिला पायरी दिसली नाही. कमरेचं हाड मोडलं. अंथरुणातून ती उठलीच नाही.

दिवसकार्य झालं आणि मॅडमचा फोन आला.

"वाईट झालं हो. यंदाच्या शिबिरात तुम्ही दोन शब्द बोला. शिक्षिका आहात, छान बोलाल. आईंचा तो फोटो बॅनरवर घेतलाय."

मी गेले. बॅनरवर आई हसत होती. खाली मोठ्या अक्षरांत, 'अंधाराकडून प्रकाशाकडे'.

मी वर्गातही कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. माइकवर म्हणाले, "फोटोतली बाई माझी आई. तिला ही सुई दिसत नव्हती. सुई मॅडमनी ओवली. आई आंधळी होऊन मेली. हा फोटो उतरवा."

"अहो, ही काय वेळ आहे का," मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. "लोक बघतायत."

लोक बघतच होते. फोटो उतरेपर्यंत मी माइक सोडला नाही.

आता चौक गावात, खालापूरला, जवळपास कुठेही शिबिर लागलं की मी रजा टाकते. रांगेतल्या बायकांना सांगते, दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. डोळ्यांचा दाब मोजून घ्या. डॉक्टर आल्याशिवाय चष्मा घेऊन घरी जाऊ नका. आयोजक मला हाकलतात. मी फाटकाबाहेर उभी राहते. रस्ता त्यांचा नाही.

परवा एक म्हातारी म्हणाली, "असं तोंडावर सांगितलं तर त्यांना वाईट वाटंल गं पोरी."

"वाटू दे," मी म्हणाले.