भरावावरची खाला

सगळ्या गावाच्या खालाला, म्हणजे मावशीला, हळू बोलता येत नसे. शिलाई मशीनवर बसून ती गिऱ्हाइकाला झापू लागली, की पलीकडे आमच्या वस्तीवर ऐकू येई. चाळिशी उलटल्यावर ती सायकल शिकली. पडली, की बघणाऱ्यांवरच ओरडायची, "हसता काय? उचला!"

बेलापूरच्या शाळेत जायचे, तर आम्हा मुलींना उसाच्या ट्रॅक्टरांच्या रस्त्यानेच जावे लागे. एका हंगामात माझ्या वर्गातली एक मुलगी ट्रॉलीच्या चाकाखाली गेली. त्यानंतर घराघरांत एकच बोलणे सुरू झाले. माझे वडील म्हणाले, "सातवी झाली, बास." दुसऱ्या दिवशी खाला आमच्या ओट्यावर हजर. "अण्णा, रस्ता वाईट म्हनून पोरीला कोंडायचं व्हय? मग रस्ता दुसरा करू की!"

तो दुसरा रस्ता तिने आधीच हेरला होता. कारखान्याला ऊस नेणारी छोटी रेल्वे कधीचीच बंद पडली होती. रूळ उचलून नेले, उरला तो भराव, तोही वेड्या बाभळीने गिळलेला. खाला कोयता घेऊन त्यात शिरली. तिच्यामागे शेजारणी गेल्या, माझी आईही गेली. कित्येक दिवस खाला हाताला चिंधी बांधून शिवणकाम करत होती. आईने विचारले, तर म्हणाली, "काटा निगतो गं. घरी बसलेली पोर पुन्हा निगत न्हाई."

भराव मोकळा झाला आणि आम्ही सायकलींवरून शाळेत जाऊ लागलो. मी बारावी झाले, नर्स झाले, ते त्या वाटेमुळे.

मग ती वाट मोठ्या लोकांच्या नजरेत भरली. फरशा बसल्या, दिवे आले, 'सायकल ट्रॅक' अशी पाटी लागली. उद्घाटनाला खालाला शाल-नारळ मिळाला. त्या दिवशी ती फार खूश होती. पंधरवड्यात दोन्ही टोकांना फाटके आली. सकाळ-संध्याकाळ फिरायला येणाऱ्यांसाठी उघडी, एरवी कुलूप. शाळेची वेळ नेमकी कुलपाची.

खाला ट्रॅक सांभाळणाऱ्या समितीच्या अध्यक्षांकडे गेली. ते नम्रपणे म्हणाले, "खाला, हा फिरायचा ट्रॅक आहे. जाण्यायेण्याचा रस्ता नाही." ती पुन्हा पुन्हा गेली. दर वेळी तिला खुर्ची दिली, चहा दिला. एकदा तिने मुलींच्या सायकली फाटकावरून पलीकडे उतरवून दिल्या. दुसऱ्या दिवशी फाटकावर काटेरी तार आली.

माझी धाकटी बहीण पूजा तेव्हा नववीत होती. वडिलांनी तिला पुन्हा ट्रॅक्टरांच्या रस्त्याने पाठवले नाही. वर्षभर ती घरी बसली, मग पारनेरकडचे स्थळ आले. लग्नाचा ब्लाऊज खालानेच शिवला. तो वडिलांच्या हातात देत म्हणाली, "अण्णा, शिवून दिला. पर मी जेवाया येनार न्हाई." आणि आली नाही.

गेल्या हिवाळ्यात खाला अंथरुणाला खिळली. पूजा कडेवर मुलगी घेऊन भेटायला आली आणि तिच्या उशाशी बसून रडू लागली. "माझं नशीबच तसलं, खाला."

"नशिबाचं नाव घेऊ नको," खाला म्हणाली. तिला धाप लागत होती, तरी थांबली नाही. "मानसांनी केलं ते. नशिबावर घातलं, की ती मानसं सुटत्यात."

चार दिवसांनी ती गेली. दारात माणसे मावेनात. अध्यक्षही आले होते. ट्रॅकची मूळ कल्पना खालाचीच होती, असे ते जमलेल्यांना सांगत होते. पूजाला पाहून गहिवरून म्हणाले, "देवमाणूस होती, पोरी."

पूजाने डोळे पुसले. "मग कुलूप कुणी लावलं?" तिने विचारले.

"आता आजच्या दिवशी तो विषय कशाला?" ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.